त्रिकोणी घडी

४ मार्च

धाकटे,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे, म्हणून 'कशी आहेस' वगैरेमध्ये शाई घालवत नाही. भाचीने तुझा पत्ता दिला नाही. 'मावशी, माझ्याकडे पाठव, मी आईला पोचवते,' म्हणाली. वा! सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या, तर मध्ये तुझ्या लेकीने टपाल कचेरी उघडून ठेवली आहे.

कारण एवढंच, की एजंटाने तुझ्या घरात भाडेकरू आणून बसवले आहेत, आणि घरमालकीण म्हणून तुझ्या कानावर घालणं माझं काम आहे. नवरा बोटीवर इंजिनिअर, म्हणजे असून नसल्यासारखा. बायको चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि घरी आल्यावर स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. मी तिला चष्मेवाली म्हणते. तिसरी तिची सासू. काठी टेकत चालते, हात थरथरतात, बोलते कमी.

तुझ्या बैठकीच्या खोलीची काय दशा केली आहे! सोफा खिडकीकडे पाठ करून ठेवलाय. त्या खिडकीसाठी तू हे घर घेतलंस ना? टॉवेलांच्या घड्या नाहीत, नुसते बोळे कोंबलेत. इस्त्री जेवणाच्या टेबलावर. फ्रिजमध्ये दूध नासलेलं, त्याच्या मागे अर्धा लिंबू, वाळून खडा झालेला.

मला कसं कळलं ते विचारू नकोस. भिंत पातळ आहे.

आणि हो, तू जाताना एजंटाकडून निरोप पाठवलास, 'ताईकडच्या किल्ल्या घेऊन टाका.' आपल्या दोन दारांमधलं अंतर सात पावलांचंही नाही, पण तुला स्वतः येऊन मागावंसं वाटलं नाही. असो. जुडग्यात होत्या तेवढ्या सगळ्या मी दिल्या.

तुझी,
ताई (पद अजून रिकामं झालेलं नाही)


१९ मार्च

धाकटे,

आज चष्मेवाली माझ्या दारात उभी. तोंड उतरलेलं. मला 'काकू' म्हणते. तीस वर्षं हॉटेलात तीन मजल्यांच्या खोल्यांच्या साफसफाईची मी प्रमुख होते, मॅनेजरसुद्धा मला 'मॅडम' म्हणायचा. पण ते जाऊ दे. आत बोलावलं, बिस्किटं पुढे केली.

"काकू, एक विचारू? आमच्या आधी त्या घरात काही झालं होतं का?"

"माझी बहीण राहायची. गेली."

तिच्या हातातलं बिस्किट तिथेच थांबलं. "कधी वारल्या?"

"वारली नाही. दुसऱ्या गावी गेली. माणसं जिवंतपणीही जातात."

मग तिने मन मोकळं केलं. म्हणाली, संध्याकाळी दुकानातून येते तर घर कोणीतरी हलवलेलं असतं. चोरी नाही, मोडतोड नाही. चपला दाराकडे तोंड करून ओळीत लावलेल्या. टॉवेलांच्या घड्या, कडा एकावर एक बसलेल्या. औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे. सोफा एका बाजूने खिडकीकडे वळलेला, जसं काही कोणी बसून बाहेर बघत होतं. खालचा पहारेकरी म्हणतो, घर बाधित आहे, आधीच्या बाईंनीही म्हणून सोडलं.

ऐकलंस? तुझ्या नावावर भूत चढवलंय लोकांनी. मी तिला विचारलं, टॉवेलांच्या घड्या घालणारं भूत कोणी पाहिलंय का? असं भूत मिळालं तर मी दोन ठेवीन.

ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "मलाही भुताचं पटत नाही. आईच करतात. बागेतला तासभर सोडला तर दुपारभर घरात त्या एकट्याच असतात ना. विचारलं तर म्हणतात, 'हो, मीच केलं असेल.' डॉक्टर म्हणाले, विसरायला लागल्या आहेत, आता लक्ष ठेवायला हवं. उद्या गॅस चालू ठेवला तर? मी दुकान सोडून घरी बसू शकत नाही हो."

तिला बिस्किटांची पुडी बांधून दिली. दार लावल्यावर बराच वेळ दाराशीच उभी होते. मिशनच्या शाळेत मदर सांगायच्या, दाराला कान लावून ऐकणं हा असभ्यपणा आहे. मी कधी दाराला कान लावला नाही. भिंतीला लावते. पलीकडे काही ऐकू आलं नाही.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

तू हुशार आहेस, पहिल्याच पत्रात ओळखलं असशील आणि भाचीला म्हणाली असशील, 'बघ, मी सांगितलं नव्हतं?' तर हो. एक किल्ली जुडग्यात नव्हती. ती माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. आहे.

लगेच नाक मुरडू नकोस. आधी ऐक.

कंबरेला मास्टर किल्ली लावून मी आयुष्य काढलं. शेकडो लोकांच्या खोल्यांत, ते नसताना, शिरले. त्यांचे चुरगळलेले पलंग, त्यांच्या औषधांचे वास, उशीखाली ठेवलेले फोटो. एकदाही कशाला धक्का लावला नाही. आमचा नियम होता, कोणी येऊन गेलं हे दिसता कामा नये, पण कोणीतरी आपली काळजी घेतली हे जाणवलं पाहिजे. आणि तुला सांगते, माणूस समोर असलं की आपण पाहुणे असतो; ते नसलं की खोली आपल्याशी बोलते. निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली काढून दिली, तेव्हा कंबर हलकी झाली नाही, लंगडी झाली.

तुझ्याकडे मी किल्लीने यायचे ते या सवयीने. तुला त्याचा जाच होतो हे तू बरीच वर्षं बोलली नाहीस आणि बोललीस ती एकदम सामान बांधल्यावर. 'ताई, मी घरी आले की आधी वास घेते, तू येऊन गेलीस का म्हणून.' हे बोलणं झालं? कुत्र्याबद्दल बोलतात असं.

आता या घरात. पहिल्यांदा गेले ती गॅस बंद आहे का बघायला. चष्मेवाली सासूला घेऊन बाहेर पडताना मी पाहिली होती, आणि जळका वास आला. म्हणजे आला असं वाटलं. तुझा ओट्याकडचा स्टूल तसाच आहे. त्यावर बसले. नळ तसाच गळतो. एवढंच.

मग पुन्हा गेले. मग वारंवार. चष्मेवाली दुकानात गेली की म्हातारीला घेऊन त्यांची कोणी नातलग बागेत जायची, त्या वेळात. एक दिवस ती नातलग आलीच नाही, हे मला कळलं नाही. मी टॉवेल घेऊन आतल्या खोलीच्या दारात, आणि म्हातारी पलंगाच्या कडेला बसलेली. माझ्याकडे सरळ बघत.

मी मेले असते तर बरं, असं झालं.

ती म्हणाली, "आलात वन्सं? उशीर झाला आज."

तिची नणंद असावी कोणी, तशीच न वाजवता येणारी. ती पलंगावर हाताने जागा दाखवत म्हणाली, "बसा की." मी बसले. तिने काजं-बटणांच्या गोष्टी सांगितल्या. तरुणपणी ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. म्हणाली, "आता सुईत दोरा जात नाही, पण बोटांना अजून काज दिसतं." मी तिला एकशे बाराव्या खोलीतल्या त्या गृहस्थांची गोष्ट सांगितली, जे आंघोळीच्या टबमध्ये झोपायचे आणि पलंगावर पुस्तकं झोपवायचे. ती इतकी हसली की मला तिची पाठ चोळावी लागली.

तेव्हापासून मी तिच्यासाठीच जाते. मी आत शिरले की ती दरवेळी तेच म्हणते, 'उशीर झाला आज.' माझी कोणी वाट बघितल्याला किती काळ झाला हे तुला मोजता येईल, कारण शेवटची तू होतीस. नंतर तूही बघेनाशी झालीस.

ताई


११ एप्रिल

धाकटे,

वाईट झालं आहे.

चष्मेवालीने सासूला गावाबाहेरच्या वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं ठरवलं. येत्या सोमवारी न्यायचं. नवऱ्याशी बोटीवर फोनवर बोलणं झालं, तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. बोटीवरच्या माणसाला हे बरं असतं. त्या संस्थेत एका खोलीत चार पलंग, खिडकी बंद, बाहेर जायला चिठ्ठी. हे मला चष्मेवालीनेच सांगितलं, रडत. तिला दुष्ट म्हणू नकोस. मी म्हणून पाहिलं, जमलं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत आणि दुकानात तिने परवा एकाला दुसऱ्याच्याच काचा बसवून दिल्या.

ठरवण्याचं कारण सांगते, आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगणार?

हॉटेलात बाथरूम साफ झालं की टॉयलेट पेपरच्या गुंडाळीचं मोकळं टोक आम्ही दोन्हीकडून आत दुमडायचो. त्रिकोण व्हायचा. येणाऱ्या पाहुण्याला कळावं की साफ केल्यावर इथे कोणी आलेलं नाही. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. माझ्या स्वतःच्या घरी मी ते कधी करत नाही. तो पाहुण्यासाठीचा मान आहे, घरच्याला कशाला?

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या बाथरूममध्ये हात धुतले. बास. पुढचं हाताने केलं, मला विचारलं नाही.

चष्मेवाली त्या त्रिकोणाला घाबरली. चपला, टॉवेल हे तिने पचवलं होतं. हे तिला वेडाचं वाटलं. "काकू, कोणी शहाणं माणूस कागदाचा त्रिकोण करून ठेवेल का?" मी म्हणाले, "नाही बाई." सासूला विचारलं, तर ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मीच केलं असेल."

त्या हातांनी? सुईत दोरा जात नाही त्या हातांनी? चष्मेवालीने एवढंही बघितलं नाही. भीती वाटली की डोळे तपासणाऱ्यालाही दिसत नाही.

मी गप्प राहिले तर सोमवारी ती म्हातारी जाईल. बोलले तर मी जाईन. घरातून नाही, पण या जिन्यातल्या प्रत्येकाच्या नजरेतून. पहारेकरी मला 'मॅडम' म्हणणारा इथला एकटा माणूस आहे.

तुला दोन कप आठवतात? तुझ्या ओट्यावर रोज दुपारी दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. तू विधवा, एकटी. मी फक्त भाचीला विचारलं होतं, 'आईकडे कोण येतं ग?' फक्त विचारलं. आता लोक माझ्याबद्दल विचारतील. फक्त विचारतील.

ताई


१४ एप्रिल

धाकटे,

काल रविवारी मी तुझ्या दाराची घंटा वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिचा आवाज इतका कर्कश आहे हे मला माहीत नव्हतं, बदलून का नाही घेतलीस?

चष्मेवालीने दार उघडलं. मागे बैठकीत बॅग भरून ठेवलेली, वर म्हातारीची शाल. मी उभ्याउभ्याच सांगितलं. किल्ली पुढे धरली.

तिने माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. मऊ आवाजात म्हणाली, "काकू, तुमची आणि आईंची मैत्री झाली असेल, आईंना जाऊ द्यायचं नाही तुम्हाला. मला कळतं. पण त्यांच्यासाठी असं काहीतरी अंगावर घेऊ नका."

बघ! आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले तर बाई माझी समजूत काढते. आणि तिची नजर, त्यात दया होती. तिला वाटलं, हीसुद्धा विसरायला लागली. एक बॅग भरलीच आहे, दुसरीही भरावी.

माझं डोकं सणकलं. तिला बाजूला सारून मी सरळ बाथरूममध्ये गेले. म्हणाले, "इकडे ये. माझ्या तोंडाकडे बघ, हाताकडे नको." आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालून, एका हाताने, न बघता, ती घडी घातली. मग टॉवेल ओढला आणि त्याचीही. तीन दुमडी, कड आत.

ती कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हणजे मी आंघोळीला असताना... तुम्ही कधी..."

"तू घरात असताना कधी नाही."

"पण मला कसं कळायचं ते?"

मी हातातला टॉवेल पुन्हा दांडीवर लावला.

म्हातारी काठी टेकत दारात आली होती. चष्मेवाली तिला म्हणाली, "आई, या कोण आहेत माहीत आहे तुम्हाला?"

"शेजारच्या. दारावर पाटी आहे ना."

"मग मला सांगितलं का नाही? मी तुम्हाला कुठे न्यायला निघाले होते..."

म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर पुन्हा आल्या असत्या का?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला सगळं ठाऊक होतं. वन्सं म्हणणं ही तिची थट्टा होती. आणि ती थट्टा चालू राहावी म्हणून बाई चार पलंगांच्या खोलीत जायला तयार झाली होती. मी तिला भोळी समजत होते. या घरात डोकं ठिकाणावर असलेली तेवढी एकच होती.

चष्मेवालीने ओरडाआरडा केला नाही. केला असता तर मला उत्तरं देता आली असती. बॅग रिकामी केली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही पुन्हा आमच्या घरी यायचं नाही. वाजवूनसुद्धा नाही. शब्द द्या." मी शब्द दिला. तुझी किल्ली दिली, आणि माझ्या घराची एक जादा किल्ली होती तीही तिच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "ही माझी. तुला वाटेल तेव्हा ये, न वाजवता, कपाटं उघड, काहीही बघ. फिटेल तेवढं फिटेल." ती म्हणाली, मला नको. पण किल्ली त्यांच्या दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलेली मी जाताना पाहिली. कोणी अडकवली ते पाहिलं नाही.

आज सकाळी कुलूपवाला आला होता. त्याच्या ड्रिलने माझ्या भिंतीवरचं घड्याळ हललं.

ताई


९ मे

धाकटे,

मी शब्द पाळला आहे. जिन्यात चष्मेवाली भेटली तर मान हलवते. पहारेकरी मला 'मॅडम' म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. भिंतीपलीकडे काठीचा आवाज येतो, बैठकीपासून खिडकीपर्यंत. सोफा आता खिडकीकडे तोंड करून ठेवला असावा. मी बघितलेला नाही.

मला लिहायचं आहे ते वेगळंच आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी वाचनालयातून आले. कुलूप नेहमीसारखं. आत सगळं जागच्या जागी. पाणी प्यायले, बाथरूममध्ये गेले आणि दिवा लावला.

गुंडाळीचं टोक दुमडलेलं होतं.

मी माझ्या घरी ते करत नाही, तुला सांगितलं आहे. घडी वाकडी होती, एका बाजूला कागद फाटलेला, पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यासारखा. पण त्रिकोण होता.

मी पलंगाखाली बघितलं, कपाटाच्या मागे बघितलं. स्वतःच्या घरात मला बसवेना. कोणीतरी माझी उशी बघितली असेल, औषधं बघितली असतील, तुझा तो फोटो, जो मी फाडला असं सगळ्यांना सांगते. आणि मी घराचा वास घेतला. दारात उभी राहून, नाक वर करून, कुत्र्यासारखा.

तेव्हा तू आठवलीस. याहून जास्त मी लिहिणार नाही.

मग मी त्या वाकड्या घडीकडे पुन्हा बघितलं. त्या हातांनी ती घालायला किती वेळ लागला असेल! शब्द मी दिला होता, तिने नव्हता.

तेव्हापासून मी दुपारी मुद्दाम बाहेर पडते. काम काही नसतं. वाचनालयात बसते, कोपऱ्यावरच्या बाकावर बसते. परत आल्यावर कधी गादीवर बसल्याची खूण, कधी माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलेलं, दोरा भलत्या रंगाचा, माझ्या सुईत आधीपासून ओवलेला होता तोच. कशालाही मी हात लावत नाही.

काल ऊन फार होतं, मी लवकर परतले. दार उघडलं तर ती माझ्या खुर्चीत बसलेली, काठी मांडीवर आडवी. दचकली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलात वन्सं? उशीर झाला आज."

मी चहा टाकला. ती गेल्यावर दोन कप धुतले आणि ओट्यावर पालथे घातले, बाहेरून येणाऱ्याला दिसतील असे.

माझ्या घराची आणखी एक किल्ली तुझ्याकडे आहे. तू ती परत दिली नव्हतीस. मीही मागितली नाही.

ताई